कापलेला रिसेप्टर, जोडलेली शेपटी

फ्रीझरमधून काढलेली ती छोटी नळी उजेडात धरली तर रिकामीच वाटते. निरखून पाहिलं तर तळाशी पांढरट पापुद्रा दिसतो, कधी तोही दिसत नाही. लेबलवर लिहिलेलं असतं : रिकॉम्बिनंट माउस पीडी-१ एफसी कायमेरा, १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. झाकण उघडण्याआधी नळी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवून घ्यायची असा प्रयोगशाळांतला शिरस्ता आहे, नाहीतर झाकणाला चिकटलेली पूड झाकणाबरोबरच जायची. वजनावर हिशेब मांडला तर ही पूड सोन्याच्या हजारो पट महाग पडते. नवख्या विद्यार्थ्याच्या हातात ती एकदम सोपवत नाहीत ते काही उगाच नाही.

लेबलवरचा प्रत्येक शब्द काही ना काही सांगतो. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिथं थेट लिहिलेली नसते. ती ही, की नळीत पीडी-१ हा अख्खा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं संदेश घेणारं प्रथिन, नाहीच. आहे तो त्याचा कापून वेगळा केलेला भाग, आणि त्याला जोडलेला भलत्याच प्रथिनाचा तुकडा. काय कापलं आणि काय जोडलं हे ज्याच्या ध्यानात आहे, त्यालाच या नळीतून निघालेल्या निकालांचा अर्थ लागतो. बाकीच्यांच्या हाती आकडे पडतात.

पीडी-१ सापडला तो उंदरातच. क्योटो विद्यापीठात तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत यासुमासा इशिदा आणि त्यांचे सहकारी, पेशी स्वतःहून मरतात तेव्हा कोणती जनुकं जागी होतात, याचा शोध घेत होते. उंदराच्या दोन पेशीवाणांत मरणाच्या वाटेवर एक अनोळखी जनुक जोरात काम करताना दिसलं. १९९२ मध्ये त्यांनी ते ‘प्रोग्रॅम्ड डेथ-१’ या नावानं प्रसिद्ध केलं. माणसातलं तेच जनुक दोन वर्षांनी हाती लागलं. पुढं कळलं की या प्रथिनाचं खरं काम पेशीला मारणं हे नाहीच. तोवर नाव रूढ झालं होतं, आणि विज्ञानात एकदा रूढ झालेलं नाव सहसा कोणी बदलत नाही.

मग ते करतं काय? हे कळायला १९९९ उजाडलं. होंजो यांच्या गटानं पीडी-१ जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले होते. सुरुवातीला ते धडधाकट दिसत. वय वाढलं तसं ‘सी-५७ ब्लॅक-६’ या वाणाच्या उंदरांना सांधेदाह आणि मूत्रपिंडाचा दाह जडला. लक्षणं ल्युपससारखी होती, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटली होती. दोन वर्षांनी ‘बाल्ब-सी’ या दुसऱ्या वाणावर तोच प्रयोग झाला, तेव्हा त्या उंदरांची हृदयं फुगून निकामी झाली. गायब होतं तेच एक जनुक, पण वाण बदलताच रोग बदलला. ‘उंदरात असं दिसलं’ हे वाक्य वाचल्यावर कोणत्या उंदरात, हे विचारायची सवय ज्यांना लागलेली नाही त्यांनी ही जोडगोळी लक्षात ठेवावी.

यावरून निष्कर्ष निघाला तो असा की पीडी-१ हा प्रतिकारशक्तीचा लगाम आहे. टी पेशी एखाद्या विषाणूबाधित पेशीवर धावून जाते तेव्हा तिच्या पृष्ठभागावर पीडी-१ येऊ लागतो. समोरच्या पेशीवर पीडी-एल१ नावाचं प्रथिन असेल तर दोघं एकमेकांना चिकटतात. मग पीडी-१च्या पेशीतल्या भागात ठरावीक ठिकाणच्या टायरोसिन या अमिनो आम्लांना फॉस्फेट जोडलं जातं, तिथं एसएचपी-२ नावाचं विकर येऊन बसतं, आणि टी पेशीला मिळालेला ‘चाल करून जा’ हा संदेश ते मोडून काढू लागतं. पीडी-एल१ हा पीडी-१चा जोडीदार आहे हे २००० साली कळलं. कर्करोगाच्या पेशी हेच प्रथिन अंगावर मिरवून टी पेशींना थोपवतात, हे २००२ मध्ये उंदरांतल्या गाठींवर दिसलं. निवोलुमॅब हे पीडी-१ला अडवणारं औषध २०१४ मध्ये जपानमध्ये मंजूर झालं. त्याच वर्षी अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅबला आणि मग निवोलुमॅबलाही मान्यता मिळाली. २०१८ चं नोबेल होंजो आणि अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना विभागून मिळालं. हा इतिहास आता बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. नळीतल्या पुडीबद्दल मात्र क्वचितच कोणी लिहितं.

उंदराचा पीडी-१ ही २८८ अमिनो आम्लांची साखळी आहे. तिचा एक भाग पेशीबाहेर असतो, मधला छोटा भाग पेशीच्या पटलातून आरपार जातो, आणि उरलेला पेशीच्या आत असतो. पटल मेदाचं असतं, म्हणून त्यात रुतणारा मधला भागही पाण्याचा तिटकारा असणाऱ्या अमिनो आम्लांचा असतो. अख्खी साखळी पाण्यात टाकली तर या भागामुळे रेणू एकमेकांना बिलगतात आणि सगळ्याच्या गुठळ्या होतात. म्हणून बाहेरचा भाग तेवढा ठेवायचा आणि बाकी कापायचं. बाजारात नेहमी मिळणाऱ्या एका आवृत्तीत २५व्या ल्यूसिनपासून १६७व्या ग्लुटामिनपर्यंतचा तुकडा असतो, म्हणजे १४३ अमिनो आम्लं. पीडी-एल१ला पकडणारा भाग यात पुरता येतो. विकर जिथं येऊन बसतं तो आतला भाग मात्र यात औषधालाही नसतो.

ही कापाकापी प्रत्यक्ष प्रथिनावर होत नाही, डीएनएवर होते. हव्या त्या तुकड्याची संहिता एका वर्तुळाकार डीएनएत, म्हणजे प्लाझ्मिडमध्ये, बसवतात. तिच्यापुढे प्रथिन पेशीबाहेर पाठवण्याचा संकेत जोडतात आणि ते प्लाझ्मिड दुसऱ्या सजीवाच्या पेशींत सोडतात. रिकॉम्बिनंट म्हणतात ते यालाच. या पेशी कुणाच्या, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. ई. कोलाय हा जिवाणू स्वस्त आहे, झपाट्यानं वाढतो. पण प्रतिकारशक्तीच्या रिसेप्टरांवर जागोजागी शर्करेच्या साखळ्या असतात, आणि त्या चढवण्याची यंत्रणा या जिवाणूकडे नाही. प्रथिनाची घडी पक्की करणारे गंधकाचे बंधही त्याच्या पेशीत नीट जुळत नाहीत. प्रथिन चुरगळलेल्या गोळ्यांच्या रूपात साठतं, आणि ते उलगडून पुन्हा घडी घालत बसावं लागतं. स्फटिक बनवणाऱ्यांना शर्करा नकोच असते, त्यामुळे ते हा खटाटोप आनंदानं करतात. इतर बहुतेक जण सस्तन प्राण्यांच्या पेशींकडे वळतात. उंदराच्या मायलोमाच्या एनएस-० पेशी, चिनी हॅमस्टरच्या बीजांडकोशातून आलेल्या सीएचओ पेशी, आणि एचईके-२९३. शेवटच्या नावातला २९३ हा फ्रँक ग्रॅहम यांच्या प्रयोगांचा क्रमांक. १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथं त्यांनी मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातल्या पेशींत ॲडिनोव्हायरसचा डीएनए घालून हा वाण मिळवला. आज जगातल्या बहुतेक जैवतंत्रज्ञान प्रयोगशाळांत त्याचे वंशज आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून भारतातल्या संशोधकांना असे वाण पुरवले जातात.

शर्करेमुळे एक गंमत होते. १४३ अमिनो आम्लांचं वजन साधारण १६ हजार डाल्टन भरायला हवं. जोडलेल्या तुकड्याचे सुमारे २६ हजार धरले तर एका साखळीचे झाले ४२ हजार. प्रत्यक्षात जेलवर प्रथिन चालवून पाहिलं की पट्टी त्या खुणेच्या बरीच वर उमटते, आणि तीही रेखीव नाही, पसरट. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, भलतंच प्रथिन आलं की काय. तसं काही नसतं. शर्करेच्या साखळ्यांनी रेणू जड केलेला असतो, आणि प्रत्येक रेणूवर त्या सारख्या लांबीच्या नसतात म्हणून पट्टी पसरते.

आता जोडलेल्या तुकड्याकडे येऊ. ‘एफसी’ म्हणजे प्रतिपिंडाचा, अँटिबॉडीचा, खालचा दांडा. वाय आकाराच्या रेणूचे वरचे दोन हात शत्रूला पकडतात, दांडा प्रतिकारशक्तीच्या बाकीच्या यंत्रणेशी बोलतो. हात काढून त्यांच्या जागी रिसेप्टरचा बाहेरचा भाग बसवून कायमेरा, म्हणजे मिश्र रेणू, घडवायचा, ही युक्ती १९८०च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आली. एड्सचा विषाणू सीडी-४ या रिसेप्टरला धरून टी पेशीत शिरतो. मग सीडी-४चेच तुकडे दांड्याला जोडून रक्तात सोडले तर विषाणू त्यांनाच धरून बसेल, असा तो विचार होता. जेनेन्टेक कंपनीतल्या संशोधकांनी १९८९ मध्ये असा रेणू प्रसिद्ध केला. रुग्णांमध्ये त्याचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. युक्ती मात्र टिकली, आणि अशी टिकली की आज तिच्यावर औषधांचा एक वर्गच उभा आहे. संधिवातावरचं एटानरसेप्ट हे टीएनएफ रिसेप्टरचा बाहेरचा भाग अधिक एफसी. ते १९९८ मध्ये मंजूर झालं, आणि त्याच्या जैवसदृश आवृत्त्या भारतातही मिळतात. २००५ मध्ये मंजूर झालेलं ॲबाटासेप्ट म्हणजे सीटीएलए-४ या टी पेशीवरच्या दुसऱ्या रिसेप्टरचा बाहेरचा भाग अधिक एफसी.

या दांड्याचे फायदे रोकडे आहेत. स्टॅफिलोकॉकस जिवाणूचं प्रोटीन-ए एफसीला घट्ट धरतं. त्यामुळे पेशी वाढवलेलं द्रावण प्रोटीन-एच्या स्तंभातून सोडलं की आपलं प्रथिन अडकतं, बाकीचं वाहून जातं. मग आम्ल द्रावण ओतून ते सोडवायचं आणि लगेच उदासीन करायचं, कारण आम्लात ते फार वेळ राहिलं तर घडी बिघडते. दुसरं असं की एफसी माणसाचा असेल तर माणसाचा एफसी ओळखणारा, चमकणारा रंग जोडलेला प्रतिपिंड वापरून आपलं प्रथिन कुठं चिकटलं ते पाहता येतं. शिवाय एफसीच्या दोन साखळ्या आपसात गंधकाच्या बंधांनी जुळतात, म्हणून प्रत्येक रेणूवर पीडी-१ची दोन टोकं येतात.

आणि इथंच खरी मेख आहे. सुटा पीडी-१ पीडी-एल१ला फार सैल धरतो. पकड मायक्रोमोलर पट्ट्यातली, म्हणजे धरलं न धरलं तोच सोडलं. दोन टोकं असली की एक सुटलं तरी दुसरं धरून असतं, तोवर पहिलं पुन्हा पकडतं. सुरुवातीच्या काळात एफसी जोडलेल्या प्रथिनांवर मोजमापं झाली तेव्हा पकड नॅनोमोलर पट्ट्यात, म्हणजे कितीतरी घट्ट दिसली. नंतर सुटे रेणू घेऊन मोजल्यावर ती सैल असल्याचं कळलं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. एका गटानं एका हाताची पकड मोजली होती, दुसऱ्यानं दोन हातांची. पेशीवरचा खरा पीडी-१ सीटीएलए-४सारखा कायमचा जोडीनं राहत नाही. त्यामुळे पेशीवर काय घडतं हे विचारायचं असेल तर दोन टोकांच्या रेणूनं दिलेला आकडा जसाच्या तसा उचलणं धोक्याचं आहे. पीडी-एल१ कुठं आहे ते शोधायचं असेल तर मात्र दोन टोकंच हवीत. एका टोकाचा रेणू धुण्याच्या पहिल्याच फेरीत निघून जाईल.

याहून मोठी उलथापालथ कामात होते. पेशीवरचा पीडी-१ टी पेशीला आवरतो. नळीतला पीडी-१ टी पेशींच्या द्रावणात घातला तर नेमकं उलट घडू शकतं. त्या आवरत नाहीत, मोकळ्या सुटतात. कारण सरळ आहे. लगाम खेचणारा भाग पेशीच्या आतला, तोच आपण कापून टाकला. उरला तो फक्त पीडी-एल१ला धरून ठेवणारा भाग. तो समोरच्या पेशींवरचे सगळे पीडी-एल१ अडवून बसतो आणि टी पेशीवरच्या खऱ्या पीडी-१ला जोडीदारच मिळत नाही. ‘पीडी-१ घातला म्हणजे प्रतिकार कमी होईल’ असं गृहीत धरून प्रयोग आखणारा इथं तोंडघशी पडतो. टी पेशींना खरोखर आवरायचं असेल तर पीडी-एल१चं रिकॉम्बिनंट प्रथिन प्लेटच्या तळाला चिकटवून त्यावर टी पेशी वाढवतात, म्हणजे पेशीवरचा अख्खा, आतल्या भागासह शाबूत असलेला पीडी-१ कामाला लागतो. नुसतं द्रावणात सोडलेलं पीडी-एल१ तेवढ्या भरवशाचं नसतं. तळाला चिकटलेलं आणि द्रावणात तरंगणारं, एवढ्याशा फरकानं निकालाची दिशा बदलते.

दांड्याचे तोटेही आहेत. मॅक्रोफेज, बी पेशी अशांच्या अंगावर एफसी धरणारे रिसेप्टर असतात. नळीतलं प्रथिन अशा पेशींना चिकटलं तर ते पीडी-१च्या टोकानं चिकटलं की दांड्यानं, हे नुसत्या चमकेवरून सांगता येत नाही. म्हणून आधी ‘एफसी ब्लॉक’ देऊन ते रिसेप्टर बुजवतात, आणि शेजारच्या नळीत नुसता एफसी घालून तुलना ठेवतात. ही दुसरी नळी नसलेला प्रयोग मी तरी गंभीरपणे घेणार नाही. प्रयोग जिवंत उंदरावर आणि बरेच दिवस चालणार असेल तर माणसाचा एफसी त्या उंदराला परका वाटतो आणि त्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागतं. त्यासाठी उंदराचाच एफसी जोडलेल्या आवृत्त्या मिळतात.

लेबलच्या जोडीला येणाऱ्या कागदावर एक ओळ असते, एंडोटॉक्सिनची. अनेक जण ती वाचतही नाहीत. एंडोटॉक्सिन म्हणजे ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातलं लायपोपॉलिसॅकराइड. ते प्रथिन नाही, जेलवर दिसत नाही, आणि साध्या निर्जंतुकीकरणानं जात नाही. ते ओळखणारा रिसेप्टर टीएलआर-४. त्याचा छडाही उंदरामुळेच लागला. ‘सी३एच-एचईजे’ या वाणाच्या उंदरांवर एंडोटॉक्सिनचा परिणाम होत नसे. १९९८ मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्या गटानं दाखवून दिलं की त्यांच्या टीएलआर-४मधलं एकच अमिनो आम्ल बदललेलं आहे. मॅक्रोफेजना हे द्रव्य नॅनोग्रॅमच्याही खाली जाणवतं. ‘हीट शॉक प्रोटीन-७०’ मॅक्रोफेजना चेतवतं असे निष्कर्ष एकेकाळी निघत होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एंडोटॉक्सिन काढून टाकलेलं तेच प्रथिन वापरल्यावर तो परिणाम मावळला. ई. कोलायमध्ये बनवलेल्या प्रथिनाबरोबर जिवाणूचं आवरणही आलं होतं, आणि श्रेय प्रथिनाला मिळत होतं. सस्तन पेशींत बनवलेल्या प्रथिनातही पाण्यातून, स्तंभातून हे द्रव्य शिरू शकतं. ते मोजण्याची जुनी चाचणी चालते नालाकृती खेकड्याच्या निळ्या रक्ताच्या अर्कावर. हा प्राणी आपल्याकडे ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर आढळतो. त्या रक्तातलं जे प्रथिन एंडोटॉक्सिन हेरतं तेही आता रिकॉम्बिनंट पद्धतीनं बनवतात.

राहिला ‘माउस’ हा शब्द. औषध माणसासाठी, मग उंदराचं प्रथिन कशाला? कारण मंजुरीच्या वाटेवर बहुतेक कल्पनांना आधी उंदरातून जावं लागतं, आणि उंदराचा पीडी-१ माणसाच्या पीडी-१शी सुमारे ६० टक्केच जुळतो. या फरकाचे परिणाम चमत्कारिक आहेत. उंदराचा पीडी-१ माणसाच्या पीडी-एल१ला धरतो. या जोडीची २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली स्फटिकरचना याच मिश्र विवाहाची होती, एक बाजू उंदराची, दुसरी माणसाची. पण निवोलुमॅब हे औषध उंदराच्या पीडी-१ला ओळखतच नाही. जोडीदार धरतो तो पृष्ठभाग दोघांत पुरेसा सारखा राहिला आहे, औषध जिथं टेकतं ती जागा राहिलेली नाही. म्हणून उंदरांत औषधाच्या जागी वेगळे प्रतिपिंड वापरतात, रॅटपासून मिळवलेला ‘आरएमपी१-१४’ किंवा हॅमस्टरपासूनचा ‘जे४३’. नाहीतर मग पीडी-१चा बाहेरचा भाग माणसाचा असलेले खास उंदीर घडवतात. नवा प्रतिपिंड हाती आला की तो कोणाला चिकटतो हे तपासायला प्रयोगशाळेत दोन नळ्या शेजारी ठेवतात, माणसाच्या पीडी-१ची आणि उंदराच्या पीडी-१ची. या साध्या चाचणीवर पुढची कित्येक महिन्यांची आखणी ठरते.

कोण कोणाला किती धरतं, या प्रश्नाचं वजन शेवटी रुग्णाच्या खिशापर्यंत जातं. निवोलुमॅबच्या सुरुवातीच्या मानवी चाचण्यांत, औषध रक्तातून ओसरू लागल्यावरही टी पेशींवरचे सरासरी ७० टक्क्यांहून अधिक पीडी-१ दोन महिने किंवा त्याहून जास्त काळ व्यापलेले आढळले होते. मग एवढा मोठा डोस हवाच का, असा प्रश्न उभा राहतो, आणि औषध जिथं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे तिथं तो जास्तच टोचतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डोकं आणि मान यांच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर कमी डोसची चाचणी झाली. दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम हा या औषधाचा प्रचलित डोस. इथं दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम दिलं गेलं, तोंडानं घ्यायच्या तीन औषधांच्या जोडीनं. नुसती तोंडी औषधं घेणाऱ्यांपैकी १६.३ टक्के रुग्ण वर्षभरानंतर हयात होते, निवोलुमॅबची भर पडलेल्यांपैकी ४३.४ टक्के. पूर्ण डोसशी तुलना या चाचणीत नव्हती. त्यामुळे कमी डोस पूर्ण डोसच्या तोडीचा आहे की नाही, हे या आकड्यांवरून ठरवता येत नाही.